सोडून द्यायच्या लाटा

सॅन दिएगोमध्ये नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेल्या आणि इथल्या समुद्राची ओढ लागलेल्या मराठी मंडळींपैकी कोणी ना कोणी दर दोन-तीन महिन्यांनी मला विचारते, ‘ताई, सर्फिंग शिकायचा फोमचा बोर्ड आता पुरे झाला, लहान लाटांवर चालेल आणि मोठ्या लाटांवरही चालेल, असा एकच बोर्ड सुचवाल का?’ प्रश्न रास्त आहे. भाड्याच्या घरात चार बोर्ड ठेवायला जागा नसते आणि घरातल्या माणसांचा संयम तर पहिल्या बोर्डापाशीच संपलेला असतो. तरीही मी उत्तर न देता उलट विचारते, ‘कोणत्या लाटा सोडून द्यायची तुमची तयारी आहे?’ हे ऐकून समोरची व्यक्ती हिरमुसते, आणि मी प्रश्न टाळला असा तिचा समज होतो. तो तसा होऊ नये म्हणून माझा हायब्रिड, म्हणजे दोन जातींच्या बोर्डांचा मेळ घातलेला, बोर्ड मी कसा निवडला, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची मालवणची. उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, हे शब्द मी पंचांगातून नव्हे, तर घरी येणाऱ्या मासळीच्या टोपलीवरून शिकले. पोहणे लहानपणीच आले, परंतु लाटेवर उभे राहता येते हे आमच्याकडे कोणाच्या मनातही आले नव्हते. लाट म्हणजे होडीला धोका आणि पावसाळ्यात किनारा खाणारी आपत्ती, एवढीच तिची ओळख होती. वयाच्या सदतिसाव्या वर्षी ला हॉया शोर्सच्या सपाट, वाळूच्या किनाऱ्यावर आठ फुटी फोमच्या बोर्डावर मी पहिल्यांदा उभी राहिले. आज मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, माझी उंची पाच फूट तीन इंच आणि वजन साठ किलो आहे, कामाच्या आधी आठवड्यातून दोनदा आणि शनिवार-रविवारपैकी एकदा मी पाण्यात असते. हा तपशील आत्मचरित्रासाठी देत नाही. बोर्डाच्या निवडीत यातला प्रत्येक आकडा उपयोगाला येतो, आणि तो न सांगता दिलेला कोणताही सल्ला दुसऱ्याचा चष्मा आपल्या नाकावर चढवण्यासारखा ठरतो.

माझी पहिली निवड साफ चुकली. फोमचा बोर्ड सुटल्यावर मी एका दुकानातून वापरलेला, सहा फूट लांब, साडेअठरा इंच रुंद आणि सव्वादोन इंच जाड असा शॉर्टबोर्ड घेतला. तो दिसायला देखणा होता, टोक सुईसारखे होते, आणि ‘शिकता शिकता तुम्ही याच्या योग्यतेला पोहोचाल’ असे विकणाऱ्याने मला गोड शब्दांत सांगितले. मला ते ऐकायचेच होते, त्यामुळे दोष त्याच्या पदरात टाकण्यात अर्थ नाही. त्या बोर्डाचे घनफळ साधारण साडेसव्वीस लीटर होते. मी त्यावर पालथी पडले की पाणी छातीपर्यंत येई, टोक बुडे, आणि मागून येणारी लाट मला न उचलता खालून निघून जाई. पॅसिफिक बीचवर त्या हिवाळ्यात मी ज्या लाटा पाहिल्या, त्या बहुतेक सगळ्या पाठमोऱ्या पाहिल्या. शेजारी साठी उलटलेले एक गृहस्थ रुंद, बसकट बोर्डावर तीन हात मारून लाट पकडत आणि माझ्याकडे पाहून ओशाळल्यासारखे हसत.

त्यानंतर मी एक वही घातली. तारीख, जागा, लाटेची उंची, दोन लाटांमधला कालावधी, भरती की ओहोटी, वारा कुठून, आणि किती लाटा पकडल्या, एवढेच रकाने. लाटेची उंची आणि कालावधी मी डोळ्यांच्या अंदाजावर सोडला नाही, कारण पाण्यात बसलेल्या माणसाला प्रत्येक लाट दीडपट दिसते. स्क्रिप्स इन्स्टिट्यूशन ऑफ ओशनोग्राफी या इथल्या संस्थेचे लाटा मोजणारे तरंगक, म्हणजे बॉये, किनाऱ्यालगत बसवलेले आहेत. त्यांतल्या टॉरी पाइन्सच्या तरंगकाचे आकडे संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. अकरा महिन्यांनी वही चाळली तेव्हा कळले की, मी ज्या लाटांच्या स्वप्नात बोर्ड विकत घेतला होता, त्या माझ्या वाट्याला जेमतेम पाच-सहा वेळा आल्या होत्या. निम्म्याहून अधिक दिवस लाट कमरेपासून छातीपर्यंतची होती, आणि त्यांतल्याही बऱ्याच दिवशी वारा बिघडलेला होता.

असे का होते, हे समजायला इथला समुद्र थोडा समजून घ्यावा लागतो. हिवाळ्यात अलास्काच्या आखातातील वादळांकडून वायव्येच्या लाटा येतात. उन्हाळ्यात न्यूझीलंडच्याही दक्षिणेला, तिकडच्या हिवाळ्यात उठलेल्या वादळांच्या लाटा आठवडाभराहून अधिक प्रवास करून दक्षिणेकडून पोहोचतात. लाटा इतक्या दूरवर जातात हे आज आपण सहज बोलतो, परंतु १९६३ साली वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडून एकेका वादळाच्या लाटांचा सबंध प्रशांत महासागरभर माग काढला, तेव्हा ते पक्के झाले. मंक याच स्क्रिप्स संस्थेत होते आणि २०१९ साली, १०१ व्या वर्षी, ला हॉयातच वारले. या दोन मोठ्या पाहुण्यांच्या मधल्या काळात घरचीच, म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठलेली, सात-आठ सेकंदांच्या कालावधीची फुसकी लाट असते. वायव्येच्या लाटांपैकी काही तर कॅटलिना, सॅन क्लेमेंटे वगैरे बेटांच्या आड अडतात आणि आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

कालावधीचा मुद्दा नवख्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबते. खोल समुद्रात उंची तीच राहून कालावधी दुप्पट झाला, तर लाट वाहून आणत असलेली शक्तीही दुप्पट होते. म्हणजे तीन फूट आणि आठ सेकंदांची लाट व तीन फूट आणि सोळा सेकंदांची लाट या नावापुरत्याच बहिणी आहेत; पहिली तुम्हाला ढकलते न ढकलते तोच विरून जाते, तर दुसरी उथळ पाण्यात येताच उंच होते, उभी राहते आणि धावते. पहिलीवर वेग बोर्डाने निर्माण करावा लागतो, दुसरीवर मिळालेला वेग बोर्डाने सावरावा लागतो. हायब्रिड बोर्डाची सगळी ओढाताण या दोन कामांमधली आहे.

वाऱ्याबाबत मात्र शाळेतला भूगोल कामाला आला. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो, आणि दहा-अकराच्या सुमारास खारे वारे सुरू झाले की त्याच लाटेवर बारीक खळबळ उठते. शरद ऋतूत वाळवंटाकडून सांता आना नावाचे कोरडे, उष्ण वारे येतात तेव्हा दुपारपर्यंत मतलईच चालू राहिल्यासारखा असतो, आणि त्या दिवशी अर्धे शहर आजारी पडल्याचे कचेरीत कळवते. खाऱ्या वाऱ्याचे दिवस माझ्या वहीत अधिक आहेत, कारण शनिवारी मी लवकर उठत नाही.

एवढी माहिती हाताशी आल्यावर मी सोडायच्या लाटा ठरवल्या. पहिल्या सोडल्या त्या ब्लॅक्स बीचवरच्या हिवाळी लाटा. तिथे समुद्राच्या तळाशी स्क्रिप्स दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ येते. खोल पाण्यावर लाट वेगाने पुढे जाते, बाजूच्या उथळ पाण्यावर मागे रेंगाळते, त्यामुळे ती वळते आणि दरीच्या बाजूला तिचा जोर एकवटतो. दरीच्या तोंडाशी समुद्र निवांत आणि पलीकडे डोक्याच्या दीडपट उंचीची भिंत, असे दृश्य तिथे दिसते. मंक यांनी १९४७ साली एका सहकाऱ्यासह याच परिसरातील लाटांच्या वळण्यावर लिहिले होते. तिथे लागतो तो लांब, निमुळता, टोकाला चांगला वाक असलेला बोर्ड, आणि लागते ती माझ्यापाशी नसलेली छाती. दुसऱ्या सोडल्या त्या गुडघ्याएवढ्या लाटा, कारण त्यांच्यासाठी जुना आठ फुटी फोमचा बोर्ड घरात आहेच आणि त्या दिवशी मुलीलाही सोबत नेता येते. उरल्या त्या कमरेपासून डोक्याच्या थोड्या वरपर्यंतच्या, कधी जोरकस तर कधी ढिल्या, टूरमलीन, पॅसिफिक बीच, स्क्रिप्सचा धक्का आणि डेल मार इथल्या लाटा. हा पट्टा अजूनही रुंदच आहे, परंतु त्याला आता दोन काठ होते, आणि काठ असले की शेपरशी, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्या कारागिराशी, बोलता येते.

हायब्रिड हा शब्द दुकानांत फार सैलपणे वापरतात; जे कशातच बसत नाही त्यावर ही चिठ्ठी चिकटवलेली मी पाहिली आहे. माझ्या मते हायब्रिड तोच, ज्याचा पुढचा भाग फिशकडून आणि मागचा भाग शॉर्टबोर्डकडून घेतलेला आहे. फिश ही तर या शहराचीच देणगी आहे. १९६७ च्या सुमारास स्टीव्ह लिस या इथल्याच तरुणाने गुडघ्यांवर बसून लाटा घेण्यासाठी आखूड, रुंद, माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली शेपटी आणि दोन बसक्या फिन, म्हणजे तळाला बसवलेल्या उभ्या पात्या, असलेला बोर्ड बनवला. पुढे लोक त्यावर उभे राहू लागले, आणि १९७२ साली सॅन दिएगोत झालेली जागतिक स्पर्धा जिमी ब्लेअर्स याने फिशवरच जिंकली. त्याच्याही आधी बॉब सिमन्स या गणिती डोक्याच्या माणसाने वेगवान होड्यांच्या तळाचा अभ्यास करून रुंद, सपाट तळाचे बोर्ड बनवले होते. पाणी कापत जाण्यापेक्षा पाण्यावर आरूढ होऊन घसरत जाणारा तळ कमी वेगातही पळतो, हे त्याचे मर्म होते. सिमन्स १९५४ साली इथल्याच विंडनसी किनाऱ्यावर बुडून मरण पावला. तिसरा धागा ऑस्ट्रेलियातून आला: सायमन अँडरसनने तीन फिनांचा थ्रस्टर बनवला, १९८१ साली बेल्स बीचवरच्या प्रचंड लाटांत त्यावर स्पर्धा जिंकली, आणि नंतरच्या शॉर्टबोर्डांवर तीन फिन जवळजवळ कायमच्या बसल्या. सिमन्स आणि लिस यांच्याकडून वेग घ्यायचा आणि अँडरसनकडून पकड घ्यायची, ही हायब्रिडची कुंडली.

आता मापांकडे येते. हल्ली सगळे लिटरांत बोलतात, आणि संगणकावर आकार आखला जाऊ लागल्यापासून बोर्डाच्या तळाशी लांबी, रुंदी, जाडी यांच्या जोडीला घनफळही लिहिलेले असते. ढोबळ हिशेब असा की, नियमित सर्फ करणाऱ्या मध्यम दर्जाच्या माणसाने किलोतल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास लीटर धरावेत. कसलेल्या तरुणाला त्याहून बरेच कमी पुरतात, आणि आठवड्यातून एकदाच जाणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. माझ्या साठ किलोंना तीस लीटर आले. त्यात मी दीड लीटर वाढवले, कारण जानेवारीत इथले पाणी १४-१५ अंश सेल्सिअसला उतरते, छातीला चार आणि हातापायांना तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट घालावा लागतो, आणि तो अंगावर आला की खांद्याच्या प्रत्येक फेकीला रबर मागे ओढते. अखेर ठरलेली मापे अशी: लांबी पाच फूट आठ इंच, रुंदी पावणेएकवीस इंच, जाडी अडीच इंचांना किंचित कमी, घनफळ साडेएकतीस लीटर. जुन्या बोर्डापेक्षा हा चार इंचांनी आखूड आणि तरीही पाच लिटरांनी मोठा होता.

परंतु लिटरांवर विसंबणाऱ्यांना मी सावध करते. तीसच लीटर कडांमध्ये भरले तर बोर्ड बुचासारखा उड्या मारतो आणि कड पाण्यात रुतत नाही. तेच छातीखाली, मधल्या पट्ट्यात ठेवून कडा निमुळत्या केल्या तर हात मारताना आधार मिळतो आणि वळताना कड चावते. हे आकड्यात दिसत नाही, हाताने चाचपावे लागते. दुकानात बोर्ड काखेत धरून त्याची कड तळहातात घेऊन पाहावी; मूठ सहज मिटत असेल तर कड बारीक, फाकत असेल तर जाड.

आणि त्याहून महत्त्वाचा असतो तो वाक, ज्याला रॉकर म्हणतात. मला तो कळला एका वयस्कर शेपरच्या कोंदट खोलीत, जिथे दोन्ही भिंतींना कमरेच्या उंचीवर नळ्यांचे दिवे होते आणि पायाखाली फोमचा पांढरा भुगा घोट्यापर्यंत साचला होता. मी माझा जुना शॉर्टबोर्ड सोबत नेला होता. त्या गृहस्थांनी तो लाकडी घोडीवर पालथा टाकला, तळाच्या बरोबर मध्यावर सहा फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी ठेवली आणि मला टोकाशी वाकून पाहायला सांगितले. पट्टी आणि टोक यांच्यामध्ये पाच इंचांहून अधिक अंतर होते, शेपटीशी अडीच इंच. मग त्यांनी शेजारचा एक फिश तसाच पालथा घालून पट्टी ठेवली, आणि टोकाशी माझी चार बोटेच काय ती मावली. ‘लाट मऊ असेल तर हे सगळे तुम्ही ढकलत नेता,’ असे म्हणून त्यांनी जुन्या बोर्डाच्या टोकावर नखाने टकटक केले. हिवाळाभर मी काय ढकलत होते, ते मला त्या पोकळीत दिसले.

टोकाकडचा वाक कमी असेल तर बोर्ड लवकर घसरू लागतो आणि मऊ लाटेवरही पळतो, परंतु उभ्या लाटेवरून खाली उतरताना टोक पाण्यात खुपसते. शेपटीकडचा वाक जास्त असेल तर बोर्ड आखूड जागेत वळतो, परंतु सपाट भागात ब्रेक लागल्यासारखा रेंगाळतो. माझ्या काठांमध्ये बसेल असा मध्य म्हणून टोकाला सव्वाचार इंच आणि शेपटीला दोन इंचांहून थोडा जास्त वाक आम्ही ठरवला. पुढे बऱ्यापैकी सपाट, आणि वाक जास्तीत जास्त मागच्या पायाखाली एकवटलेला. म्हणजे पुढचा पाय दाबला की फिश, मागचा दाबला की शॉर्टबोर्ड. ही वाटणी मला सगळ्या हायब्रिडचा गाभा वाटते, आणि विक्रेते नेमके याबद्दलच सर्वांत कमी बोलतात.

शेपटीची रुंदी तिच्या मागच्या शेवटापासून एक फूट आत मोजतात; शॉर्टबोर्डची साधारण चौदा इंच, फिशची सोळा, माझी पंधरा. तळाला हलका खोलगटपणा आहे. शेपटी दुभंगलेली आहे, ती मुख्यतः मला आवडते म्हणून.

फिनांबद्दल मात्र घाईने लिहून चालणार नाही. मालवणी माणूस त्यांना सरळ ‘पर’ म्हणेल, आणि माशाचे पर जे करतात तेच त्या करतात. मी बोर्डात पाच खाचा ठेवून घेतल्या, ज्यामुळे तीन किंवा चार फिन पाहिजे तेव्हा बदलता येतात. तीन फिन लावल्या की मधली फिन शेपटीला खिळा ठोकल्यासारखी धरते. उभ्या लाटेवर त्याचा धीर वाटतो आणि वळणाला एक ठाम आस मिळते, परंतु ढिल्या लाटेवर तीच मधली फिन वेग खाते. चार फिन लावल्या की मधला अडथळा जातो, पाणी दोन्ही बाजूंनी मोकळे निघते आणि बोर्ड लाटेच्या कमकुवत भागातूनही सरकतो. मात्र लाटेच्या माथ्यावर जोरात वळण्याचा प्रयत्न केला की रेषा लांबते. नुसत्या दोन फिनांचा आनंद मी उसन्या फिशवर घेतला आहे. तो घसरगुंडीचा आनंद आहे, आणि डोक्याएवढ्या लाटेवर तोच घसरगुंडीचा धाक होतो.

फिन घेताना मी एक चूक केली, ती सांगते. माझ्या वजनाला लहान मापाची जोडी योग्य असताना दुकानात मध्यम मापाची सवलतीत होती, म्हणून मी ती घेतली. पहिले तीन आठवडे बोर्ड वळायला जड, रुळावरून चालल्यासारखा वाटला, आणि मी शेपटीच्या रुंदीला दोष देत राहिले. लहान फिन लावल्या त्या दिवशी तोच बोर्ड हलका झाला. शिवाय एफसीएस आणि फ्युचर्स या दोन पद्धतींच्या खाचा वेगवेगळ्या असतात, एकीच्या फिन दुसरीत बसत नाहीत. वापरलेला बोर्ड घेताना आपल्याकडे कोणत्या फिन आहेत हे आधी आठवावे.

साहित्याबाबत लोक हिरिरीने वाद घालतात. पूर्वी बहुतेक बोर्ड पॉलियुरेथेन फोमचे असत, आणि अमेरिकेत तो फोम पुरवणारी क्लार्क फोम ही कंपनी ५ डिसेंबर २००५ रोजी अचानक बंद झाली, तेव्हा शेपर मंडळींना रातोरात दुसऱ्या साहित्याकडे पाहावे लागले. आज हलक्या पॉलिस्टायरीन फोमवर इपॉक्सी चढवलेले बोर्ड सर्रास मिळतात. ते वजनाला हलके, पाण्यावर अधिक तरंगणारे आणि लवकर खड्डे न पडणारे असतात. परंतु तडा गेला आणि पाणी आत शिरले तर त्यांतला फोम ते शोषून घेतो. मी जुन्या पद्धतीचा, किंचित जड पॉलियुरेथेनचा बोर्ड निवडला. त्याचे कारण परंपरेचे प्रेम नसून वहीतला वाऱ्याचा रकाना होता: खाऱ्या वाऱ्याने खळबळलेल्या पाण्यावर हलका बोर्ड ठेचकाळतो, जड बोर्ड दाबून जातो. जो पहाटे साडेपाचला पाण्यात असतो, त्याने माझे ऐकू नये.

नोव्हेंबरात डेल मारला मी तो पहिल्यांदा खरा पारखला. ओहोटी लागलेली, तरंगकावर चार फूट आणि चौदा सेकंद, लाट छातीपासून डोक्यापर्यंत. पहिल्या लाटेला सवयीने सहा-सात हात मारले आणि चौथ्या हातालाच बोर्ड सुटल्यामुळे मी उभी राहण्याआधीच खाली पोहोचले. दुसऱ्या लाटेला टोक खुपसले आणि मी डोक्यावर आपटले. पावणेएकवीस इंच रुंदीचा बोर्ड उभ्या लाटेवर सरळ खाली नेता येत नाही, उभे राहता राहताच त्याला तिरपे वळवावे लागते, हे कानात गेलेल्या वाळूसह कळले. पाचव्या-सहाव्या लाटेला ते जमले. लाटेचा मधला भाग ढिला पडला तेव्हा जुना बोर्ड जिथे थांबला असता, तिथून हा पुढच्या पायाच्या दाबावर सरकत गेला, आणि पुढे लाट पुन्हा उभी राहिली तिथे मागचा पाय दाबून मी एक वळण घेतले. वळण सुबक नव्हते. त्या दिवशी वहीत अकरा लाटांची नोंद आहे, आणि शेजारी ‘खांदे दुखत नाहीत’ असे लिहिले आहे.

त्याच हिवाळ्यात, जानेवारीत घरी जाताना मी उत्साहाने बोर्ड गोव्याला नेला. विमानाचे जादा सामानाचे शुल्क भरले, आईने ‘हे दार कोणाच्या घराचे काढून आणलेस?’ असे विचारले, आणि आश्वेमला पोहोचल्यावर पाहिले तर अरबी समुद्र जेमतेम गुडघ्यापर्यंत उचलत होता. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जोर पावसाळ्यात असतो, आणि तेव्हा पाण्यात उतरणे धोक्याचे. हिवाळ्यातली लाट लहान, मऊ आणि शिकायला उत्तम. किनाऱ्यावरच्या एका प्रशिक्षक मुलाने माझ्या बोर्डाकडे आदराने पाहिले आणि काही न बोलता आठ फुटी फोमचा बोर्ड पुढे केला. गुडघ्याएवढ्या लाटा मी ठरवून सोडल्या होत्या. त्या सोडलेल्या लाटांवर तोच बोर्ड घेऊन मी समुद्रापलीकडून गेले होते. आठवडाभर फोमवर मजा केली.

पैशांबद्दल विचारणारे बरेच असतात, म्हणून एवढेच सांगते की बनवून घेतलेला बोर्ड मला फिन धरून नऊशे डॉलरना पडला, आणि त्याआधी मी तीन वेगवेगळे हायब्रिड भाड्याने वा उसने घेऊन प्रत्येकी तीन-चार वेळा वापरले होते. एका दिवसाच्या अनुभवावर ठरवू नये. चांगल्या लाटेच्या दिवशी कोणताही बोर्ड चांगला वाटतो. मुद्दाम वाऱ्याच्या, कंटाळवाण्या दिवशी घेऊन जावा.

बोर्डाला आता दोन हिवाळे झाले. पॉलियुरेथेनचा असल्याने त्याच्या पाठीवर पायांचे खळगे पडले आहेत. मागच्या पायाचा खळगा शेपटीवरच्या रबरी पट्टीवर असायला हवा होता, तो तिच्या पुढे चांगला वीतभर अंतरावर आहे. मागच्या आठवड्यात फिनच्या खाचेजवळची चीर दुरुस्त करायला मी त्या शेपरकडे गेले, तेव्हा त्यांनी चिरेकडे पाहिलेच नाही. खळग्यात अंगठा ठेवून, दुसऱ्या हाताने शेपटीपर्यंतचे अंतर मोजत, फिन किती पुढे सरकवायला हव्या होत्या ते त्यांनी पेन्सिलीने बोर्डावरच लिहून ठेवले.